समुद्रात न पडलेले डॉलर

आमच्या घरात एक किस्सा आहे. पाहुणे जमले, जेवणं आटोपली की कोणीतरी तो काढतंच. माझी बायको क्रूझवर गेली होती, परकराच्या चोरखिशात आठशे डॉलर होते, होडीतून उतरताना ते समुद्रात पडले आणि बाईंना दोन दिवसांनी कळलं. सूनबाई वर पुरवणी जोडायची, "आईंनी समुद्राला दक्षिणा दिली." सगळे हसायचे. बायकोही हसायची, आणि हसता हसता उठून ताटं गोळा करायला लागायची.

हा किस्सा खरा नाही. डॉलर पडले नव्हते. ते मी घेतले होते. ती आता नाही, आणि माझंही वय झालं आहे. ज्या माणसांना या खोटेपणाची किंमत मोजावी लागली त्यांच्यापैकी एक अजून हयात आहेत, म्हणून हे लिहितो आहे.

आम्ही कर्वेनगरला एका सोसायटीत राहतो. समोरच्या फ्लॅटमध्ये एक बौद्ध कुटुंब होतं. घरातले साहेब सरकारी अधिकारी, आणि वहिनी सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका. माझी बायको आणि वहिनी यांचं मेतकूट कसं जमलं ते मला ठाऊक नाही. आमच्याकडे आरती, त्यांच्याकडे वंदना, पण दोन्ही दारं दिवसभर उघडी असत आणि दुपारचा चहा एकाच पातेल्यात होई. त्या वर्षांत सोसायटीतल्या घराघरांतली मुलं कॉम्प्युटरच्या नोकऱ्यांसाठी परदेशी निघाली होती. दिवाळी आली की त्यांच्या आया फराळाचे डबे पाठवायच्या, आणि बहुतेकींना चकली जमत नव्हती. तिथून या दोघींचा उद्योग सुरू झाला. दोघी रिक्षाने मार्केट यार्डात जायच्या, तांदूळ, डाळ, गूळ घाऊक आणायच्या, आणि महिनाभर आमच्या स्वयंपाकघरात तळण चालायचं. अनारसे वहिनींचे. तसे अनारसे मी नंतर कुठे खाल्ले नाहीत.

पेठेत राहणारी माझी बहीण एकदा विचारून गेली की अनारसे नक्की करतं कोण. तिला काय विचारायचं होतं ते सगळ्यांना कळलं. बायको म्हणाली, "तुम्ही मागच्या वर्षी ज्यांचा डबा चाटून पुसून परत केलात ना, त्यांनीच." बहिणीने विषय बदलला.

अडचण एकच होती. अमेरिकेला पोहोचेपर्यंत चकली मऊ पडायची. पिशवीतली हवा काढून ती बंद करणारं एक यंत्र सिंगापूरला मिळतं, असं आमच्या मुलाने फोनवर सांगितलं. तो तिथे एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. दोघींनी दोन दिवाळ्यांचा नफा खर्च न करता बाजूला ठेवला होता. यंत्र घ्यायचं ठरलं. निम्मे पैसे हिचे, निम्मे वहिनींचे.

त्याच सुमारास मुलाने आम्हा दोघांसाठी क्रूझचं तिकीट काढलं. सिंगापूरहून निघायचं, पेनांग, फुकेट करून परत. माझ्या निवृत्तीनंतर आम्ही कुठे गेलो नव्हतो. मुलगा म्हणाला, राहणं-जेवण तिकिटात आहे, बोटीवर रोख चालत नाही, खोलीचं कार्ड दाखवलं की खर्च खात्यावर चढतो आणि ते खातं मी माझ्या क्रेडिट कार्डाला जोडून देतो. तुम्ही फक्त किनाऱ्यावर उतरल्यावर लागतील तेवढे हातखर्चाला आणा.

हातखर्चाला माझ्याकडे फारसं काही नव्हतं. हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. मी आयुष्यभर एका निमसरकारी कार्यालयात हिशेब तपासले. दुसऱ्यांच्या प्रवासभत्त्यातली रिक्षाची जादा आकारणी मी लाल शाईने कापत असे. निवृत्तीनंतर हातात फंडाची रक्कम आली, आणि बागेत फिरायला येणारा प्रत्येक जण सॉफ्टवेअर कंपन्यांच्या शेअरबद्दल बोलत होता. काल घेतला, आज दुप्पट. मीही टिळक रोडवरच्या एका दलालाकडे खातं उघडलं. आधी थोडे घातले, ते वाढले. मग सगळेच घातले. बायकोला सांगितलं की पैसे बँकेत मुदतीच्या ठेवीत आहेत.

आम्ही निघायच्या आधीच बाजार घसरायला लागला होता. दलाल म्हणाला, काका, ही तात्पुरती हालचाल आहे, आल्यावर बघू.

यंत्रासाठी डॉलर घ्यायला आम्ही दोघं कॅम्पात गेलो. तिथल्या माणसाने पासपोर्टवर शिक्का मारला आणि ट्रॅव्हलर्स चेक घ्या, ते हरवले तर भरून मिळतात, असा सल्ला दिला. तिला तो पटला नाही. दुकानदाराने चेक घेतला नाही तर काय करायचं, अशी तिची शंका. तिने नोटा मागितल्या, त्याही कोऱ्या. घरी आल्यावर वहिनींना बोलावून त्या टेबलावर मांडल्या. दोघी वाकून बघत होत्या. वहिनी म्हणाल्या, "सगळ्या सारख्याच रंगाच्या. घाईत शंभराऐवजी दुसरंच काही देशील." ती म्हणाली, "मी घाई करतच नाही."

मग तिने दोन परकरांना आतून चोरखिसे शिवले, वर टिचबटणं लावली. आमच्या पिढीतल्या बायका काशी-रामेश्वरला जातानाही पैसे असेच नेत. बोटीवरच्या खोलीत एक छोटी तिजोरी होती, आकड्यांची जुळणी करून उघडणारी. तिच्यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर माझाही नव्हता. बाईच्या कमरेला कोण हात लावणार, असं मीच तिला म्हणालो होतो.

बोट म्हणजे पाण्यावरचं सात मजली हॉटेल. ती लहान मुलीसारखी हिंडली. कार्ड दाखवून एकदा आइस्क्रीम घेतलं आणि खोलीत येऊन मला विचारलं, याचे पैसे मुलाला किती पडले असतील? ते फुकट होतं, हे कळल्यावर तिने दुसरं घेतलं.

मला मात्र चैन पडत नव्हती. पहिल्याच सकाळी स्वागतकक्षाशेजारी टेलिफोनची खोली दिसली. उपग्रहावरून कुठेही फोन लावता येत होता. दर मिनिटावर होता आणि तो डॉलरमध्ये होता. मी दलालाला फोन लावला. तो म्हणाला, "काका, जरा होल्ड करा हं." माझ्या कानात संगीत वाजत होतं आणि समोर भिंतीवरच्या घड्याळाचा काटा फिरत होता. तो परत आला तेव्हा भाव आणखी खाली आले होते. विकू का? मला ठरवता येईना. फोन ठेवला. दुपारी पुन्हा लावला. बायकोला सांगितलं, पोट बिघडलं आहे, तू वर जा, मी पडतो जरा.

असं रोज चाललं. पेनांगला ती बाजार बघत असताना मी बोटीवरच राहिलो. शेवटी एकदा विका म्हणालो, तेव्हा दलाल म्हणाला, "काका, आता विकायचं कुणाला? घेणाराच नाही." हे एक वाक्य ऐकायला मला कितीतरी वेळ होल्डवर थांबावं लागलं होतं.

फुकेटला मोठी बोट किनाऱ्याला लागत नाही. छोट्या होडीतून उतरावं लागतं. त्या दिवशी मी तिच्याबरोबर गेलो. होडी हलत होती. तिने एका हाताने निऱ्या वर धरल्या आणि दुसऱ्या हाताने माझा दंड. किनाऱ्यावर तिने नारळपाणी घेतलं, ते पैसे माझ्या खिशातून दिले. चोरखिशाला तिने हात लावला नाही. ते पैसे यंत्राचे होते.

परतल्यावर मी स्वागतकक्षात खात्यावर किती चढलं आहे ते विचारलं. आकडा मी दोनदा वाचून घेतला. हे सगळं मुलाच्या कार्डावर जाणार होतं, आणि बिलात पुण्याचा तोच एक नंबर पुन्हा पुन्हा छापलेला असणार होता. मुलाने पहिला प्रश्न विचारला असता, बाबा, हा कोणाचा नंबर? मग शेअर, मग फंड, मग ठेवी नसल्याचं सगळं बाहेर आलं असतं. काउंटरवरच्या मुलीने सांगितलं की फोनची रक्कम उद्या दुपारपर्यंत रोख भरलीत तर ती कार्डावर जाणार नाही.

दुसरा दिवस शेवटचा होता. दिवसभर बोट समुद्रातच असणार होती, कुठे उतरायचं नव्हतं. सुनेने सिंगापूरला हिला एक पंजाबी ड्रेस घेऊन दिला होता. आयुष्यात कधी न घातलेला. त्या दिवशी तिने तो धीर करून घातला, आरशासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, हसू नका." मी म्हणालो, छान दिसतेस. ती वर फळांवर नक्षी कोरून दाखवणार होते ते बघायला गेली. साडी आणि परकर कपाटात टांगलेले होते.

मी परकराचं टिचबटण उघडलं, नोटा काढल्या. फोनची रक्कम गेल्यावर थोडे डॉलर उरणार होते. तेवढे परत ठेवता आले असते, पण मग बाकीचे कुठे गेले हा प्रश्न उरला असता. म्हणून सगळेच काढले. आणि बटण मुद्दाम उघडं ठेवलं. हा भाग मी आजवर स्वतःशीही नीट उच्चारला नव्हता. पैसे घेतले ते घाबरून घेतले. बटण उघडं ठेवलं ते विचार करून.

सिंगापूरला उतरायच्या सकाळी साडी नेसताना तिच्या लक्षात आलं. तिने खिसा उलटा केला, शिवण बोटांनी चाचपली, पलंगावरची चादर झटकली. मग खाली बसून कपाटाच्या तळाशी हात फिरवला. मीही तिच्याबरोबर शोधायचं नाटक केलं. शेवटी ती म्हणाली, "शिवण शाबूत आहे. बटण उघडं होतं. होडीत निऱ्या वर घेतल्या तेव्हाच निसटले असतील. काल मी बघितलंच नाही. ते कपडे घालून मिरवायच्या नादात मी बघितलंच नाही."

मी म्हणालो, खोली साफ करणाऱ्या बाईला विचारू या का. मी हे का म्हणालो? बहुतेक, निर्दोष माणूस जे म्हणाला असता ते म्हणायला हवं होतं म्हणून. ती म्हणाली, "नको. उगाच तिची नोकरी जाईल. चूक माझी आहे." मला सुटल्यासारखं वाटलं. हेही लिहून ठेवतो.

सिंगापूरला मुलाच्या कंपनीत माणसं कमी करायचं घाटत होतं. तरी तो यंत्र घेऊन देतो म्हणाला, पण अगदी हळू आवाजात. ती म्हणाली, तू आधी तुझ्या नोकरीचं बघ. विमानतळावर मी उरलेल्या डॉलरमधून तिला एक मनगटी घड्याळ घेतलं. ती म्हणाली, आत्ता कशाला हा खर्च? आणि तिने ते हातात घातलं, मला बरं वाटावं म्हणून.

पुण्याला आल्या आल्या, बॅगाही न उघडता ती समोरच्या दारात गेली. मी आमच्या दाराशी उभा होतो. तिने जसं घडलं असं तिला वाटत होतं तसं सांगितलं, काही न लपवता. वहिनींनी तिला आत बसवलं, पाणी दिलं. म्हणाल्या, जाऊ दे, जीव सलामत आहे. तेवढ्यात आतून वहिनींचे यजमान आले. सभ्य माणूस, कधी चढ्या आवाजात बोलला नाही. त्या दिवशीही नाही. ते म्हणाले, "तुमचे आणि आमचे एकाच खिशात होते ना? मग ठीक आहे. मला वाटलं, फक्त आमचेच बुडाले की काय."

ती परत आली. मला म्हणाली, "त्यांना वाटतंय मी खाल्ले." मी म्हणालो, असं काही नाही, ते थट्टेने बोलले असतील. ती थट्टा नव्हती. त्या माणसाने सगळ्या नोकरीत अशा सबबी गोड शब्दांत ऐकून घेतल्या होत्या. आमच्यासारख्या घरांनी आपल्याला कसं फसवलं याची त्याला बरीच आठवण असणार. आणि या खेपेला तर त्याचा संशय बरोबरही होता. फक्त माणूस चुकला होता.

तिने आईकडून मिळालेल्या पाटल्या मोडल्या आणि वहिनींचे निम्मे पैसे पाकिटात घालून नेले. वहिनी घेईनात. यजमानांनी घेतले. मी तेव्हा घरात पेपर वाचत होतो. पाटल्या मोडायला सराफाकडे तिला मीच स्कूटरवरून घेऊन गेलो होतो.

त्या दिवाळीला तळण झालं नाही. कोणी भांडलं नाही. समोरचं दार बंद राहायला लागलं, मग आमचंही. हिने एकटीने काही ऑर्डर घेतल्या, पण अनारसे जमेनात, आणि हिशेब करताना ती मला चार चार वेळा बेरीज तपासायला लावायची. आधी कधी तिने मला वही दाखवली नव्हती. मुलगा फोनवर म्हणाला, बाबा, व्यवहाराचं तुम्हीच बघत जा. मी बघायला लागलो. एटीएमची कार्डं आली तेव्हा तिने स्वतःच्या नावाचं कार्ड घ्यायला नकार दिला. म्हणाली, "माझ्याकडून हरवेल." पुढे पुढे भाजीला जाताना ती मोजकेच पैसे मागून घ्यायची आणि परत आल्यावर उरलेले ओट्यावर ठेवायची. पंजाबी ड्रेस तिने कामवालीला देऊन टाकला.

तो किस्सा सर्वांत रंगवून मीच सांगत असे. होडी कशी हलत होती, निऱ्या कशा धरल्या होत्या. एखादी गोष्ट पुष्कळदा सांगितली की ती खरी वाटायला लागते, निदान ऐकणाऱ्यांना.

काही वर्षांनी शेअर वर आले. नफ्यात विकले. तेव्हा सांगता आलं असतं, रक्कम भरून निघाली होती. मी त्याऐवजी तिला नव्या पाटल्या केल्या. तिने त्या कपाटात ठेवल्या आणि म्हणाली, नातीला होतील.

ती आजारी पडली तेव्हाही वेळ होता. शेवटच्या दिवसांत ती शुद्धीत होती, बोलत होती. मी उशाशी बसून मनात वाक्य जुळवायचो. तेवढ्यात ती पाणी मागायची, आणि मी पाणी द्यायचो.

समोरचे साहेब तिच्या आधीच गेले. वहिनी आता मुलाबरोबर त्याच फ्लॅटमध्ये असतात. गुडघे गेल्यामुळे खुर्चीत बसून असतात. मागच्या महिन्यात मी एका दुपारी त्यांच्या दाराची बेल वाजवली. इतक्या वर्षांत मी त्या घरात फक्त साहेब गेले तेव्हा गेलो होतो.

मी सगळं सांगितलं. फोनची खोली, दलाल, परकर, बटण. निवृत्त परिचारिका रुग्णाची तक्रार ऐकते तशा त्या ऐकत होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "तिला कळलं होतं?"

"नाही."

"म्हणजे ती जाईपर्यंत हेच धरून बसली, की आपल्या हातून पडले."

"हो."

मग त्या म्हणाल्या, "साहेब गेल्यावर ती रोज संध्याकाळी येते म्हणायची. मी येऊ दिलं नाही. एकदा दारात उभी होती, डब्यात काहीतरी होतं. मी आतून बघितलं आणि दार उघडलं नाही. तिच्या मयतालाही मी आले नाही, भाऊजी. समोरच्या दारातून नेलं तिला. मी आत बसून होते."

मी म्हणालो, यात तुमची काही चूक नाही.

"ते तुम्ही सांगू नका," त्या म्हणाल्या. "मला हे सांगून तुम्ही मोकळे झालात. आता मी कुणाकडे जाऊ?"

मी उठायला लागलो तर त्यांनी हाताने थांबवलं. त्यांचा मुलगा आतल्या खोलीत कॉम्प्युटरवर ऑफिसचं काम करत होता. त्यांनी त्याला हाक मारली. तो कानातले हेडफोन काढत बाहेर आला, मला बघून जरा थबकला. लहानपणी तो आमच्या स्वयंपाकघरात कडबोळी खायचा. नंतर जिन्यात भेटला तरी मान खाली घालून जायचा. घरात काय बोललं गेलं होतं ते त्याने ऐकलेलं असणार.

"बस इथे," वहिनी त्याला म्हणाल्या. "तुझ्या बाबांनी समोरच्या काकूंना चोर ठरवलं होतं आणि मी गप्प बसले. खरं काय झालं ते हे सांगतायत. सगळं ऐकून घे. उद्या तुझ्या मुलांना सांगायचंय."

तो माझ्यासमोर बसला. मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, आणि पहिल्या वाक्यातच वहिनींनी मला अडवलं.

"'पैसे गेले' म्हणू नका," त्या म्हणाल्या. "'मी घेतले' म्हणा."

मी म्हणालो, "मी घेतले."